थोरल्या जावयानं बसवलेलं बटण

चष्म्यांच्या त्या दुकानात पुढं मालक बसायचा आणि मागच्या खोलीत, खिडकीपाशी, तो. गिऱ्हाइकाचा नंबर चिठ्ठीवरून मागं यायचा, मग तो भिंग यंत्रावर घासायचा, कडा फ्रेमच्या मापात आणायचा, उजेडाकडं धरून बघायचा आणि मनासारखं दिसलं नाही तर परत घासायचा. मालक त्याच्या तोंडावर म्हणायचा की मागच्या खोलीत हा आहे म्हणून पुढच्या खोलीत गर्दी आहे. सगळी गल्ली त्याला चष्मेवाला म्हणायची. बायकोच्या माहेरी तो थोरला जावई.

स्वभावानं मऊ माणूस. शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली तर हा खाली जाऊन तिच्यावरून कौतुकानं हात फिरवून यायचा. दुकानातल्या दुसऱ्या कारागिराला बढती मिळाली तेव्हा यानंच सगळ्यांना चहा पाजला होता. बायको मैत्रिणींना सांगायची, आमच्या ह्यांना कुणाचं काही बोचतच नाही. ते तितकं खरं नव्हतं. एक माणूस होता, ज्याचा विषय निघाला की चष्मेवाल्याच्या घशाशी आंबट यायचं. तो माणूस म्हणजे त्याचा साडू, मेहुणीचा नवरा. धंद्यानं वायरमन.

वायरमन घरात येण्याआधीची काही वर्षं चष्मेवाल्याला फार सुखाची गेली होती. सासुरवाडी दोन गल्ल्या सोडून, जिना चढून गेल्यावर तीन खोल्यांची. सासरे त्याच्या लग्नाआधीच वारलेले. घरात सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मेहुणी, एवढंच. त्यामुळं काहीही असो, विचारायचं ते थोरल्या जावयाला. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तोच त्यांना घेऊन गेला. नंतर त्यांचा चष्माही त्यानंच केला, नाकावर वळ उठू नये म्हणून फ्रेम गरम करून करून वाकवली. तो गेला की सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीवरचे कपडे उचलायच्या आणि म्हणायच्या, "बसा." पुढ्यात पाण्याचा तांब्या यायचा, पंख्याची दिशा त्याच्याकडं व्हायची. त्याला वाटायचं, मान मान म्हणतात तो हाच.

मग मेहुणीचं लग्न ठरलं आणि वायरमन पहिल्यांदा घरी आला. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट, दारात जरा बावरलेला. पण आत पाऊल टाकल्याबरोबर त्याची नजर वर गेली. बाहेरच्या खोलीतली ट्यूब कित्येक दिवस डोळे मिचकावत होती. सगळ्यांना तिची सवय झाली होती. ह्याला बघवेना. बोलता बोलता तो टेबलावर चढला, ट्यूब फिरवून काढली, टोकं रुमालानं पुसली, आतला स्टार्टर जरा दाबून बसवला आणि ट्यूब लख्ख पेटली. अजून पाणीसुद्धा प्यायला नव्हता.

सासूबाई हसत म्हणाल्या होत्या, "अरे, उतर खाली, आल्या आल्या कसली कामं काढतोस?"

खोलीतल्या बाकीच्यांनी ट्यूब पाहिली. चष्मेवाल्यानं मात्र 'अरे' ऐकलं. इतक्या वर्षांत सासूबाईंनी त्याला कधी अरे म्हटलं नव्हतं. त्याला 'अहो' होतं, 'तुम्ही बसा' होतं, अगदी लाडात आल्या तर 'जावईबापू'. तोवर हे सगळं त्याला मोठेपणाचं वाटायचं. त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की दारात थांबवून ठेवलेल्या पाहुण्यालाही लोक असंच बोलतात.

त्यानंतर ते घर बघता बघता वायरमनचं झालं. तो यायचा ते थेट स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभ्या उभ्या जेवायचा, मोठ्यांदा हसायचा. गॅसची नळी, नळाचा वायसर, कपाटाची कुरकुरणारी बिजागरी, जे दिसेल त्याला हात घालायचा. ओट्याखालच्या खणात चमच्यांच्या शेजारी त्याचा टेस्टर, काळ्या टेपचं भेंडोळं आणि एक पक्कड कायमची राहायला आली. ऐन वेळी सासूबाईंना चमचा सापडायचा नाही, पण टेस्टर कुठं आहे हे त्या डोळे मिटून सांगायच्या. कुणीही घरी आलं की कौतुक सुरू व्हायचं. हा दिवा धाकट्यानं लावला, ही घंटी धाकट्यानं बसवली. चष्मेवाला खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते ऐकायचा. त्यानं केलेला चष्मा सकाळी उठल्यापासून सासूबाईंच्या नाकावर असायचा, पण नाकावरचा चष्मा कुणाला दिसतो?

एकदा त्यानं चांगलं भिंतीवरचं घड्याळ आणलं. खिळा ठोकायला गेला तर भिंतीचा पोपडाच खाली आला. सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या हो तुम्ही, धाकटा येईल ना." घड्याळ आठवडाभर पलंगावर पडून टिकटिकत राहिलं. मग वायरमन ड्रिल घेऊन आला आणि ते टांगून गेला. पुढं लोक त्या घड्याळाबद्दल विचारायचे तेव्हा सासूबाई सांगायच्या की धाकट्यानं लावलं. हे ऐकून चष्मेवाल्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा आणि तोंडानं तो म्हणायचा, "हो, छान लावलंय."

घरी आल्यावर मात्र बायकोला ऐकावं लागायचं. वायरमनचं हसणं कसं गडगडाटी आहे, तो बूट कसे वाटेत काढतो, ओट्याला टेकून जेवणं ही काय पद्धत झाली. बायको आधी ऐकून घ्यायची, मग म्हणायची, तुम्हाला कुणी खुर्चीला बांधून ठेवलंय का? तुम्हीही या ना स्वयंपाकघरात. पण ते त्याला जमायचं नाही. एकदा तो तसा गेला होता. सासूबाईंनी लगेच विचारलं, काही हवं होतं का तुम्हाला?

एका वर्षी वायरमनला बाहेरगावी एका मोठ्या इमारतीच्या वायरिंगचं काम मिळालं आणि तो बायकोला घेऊन तिकडं गेला. नेमकं तेव्हाच सासूबाईंच्या झोपायच्या खोलीतलं बटण बिघडलं. दाबलं की चरचरायचं, दिवा कधी लागायचा, कधी नुसताच लुकलुकायचा. फोनवर त्या थोरल्या मुलीला सांगत होत्या की बटण हल्ली गरम पण होतं, जळका वास येतो, पण असू दे, धाकटा आला की बघेल.

चष्मेवाला शेजारी बसून पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली ठेवला.

सुट्टीच्या दिवशी तो विजेच्या सामानाच्या दुकानात गेला. दुकानदारानं विचारलं कसलं बटण, तर हा म्हणाला सगळ्यात चांगलं. पांढरं शुभ्र, दाबलं की टक् असा ठाम आवाज करणारं एक बटण त्यानं निवडलं. भिंगं घासणाऱ्या माणसाला, ज्याचे स्क्रू मुंगीएवढे असतात त्या फ्रेमा जोडणाऱ्या माणसाला, ह्यात अवघड ते काय असणार, असा त्याचा हिशोब होता.

सासूबाईंनी दार उघडलं, सवयीनं खुर्चीवरचे कपडे उचलले. तो म्हणाला, आज बसायला नाही आलो, बटण बदलायला आलोय. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली आणि तीच त्याला झोंबली. खिशातला चष्म्यांचा पेचकस बोर्डाच्या स्क्रूला फारच बारीक पडला. शेवटी ओट्याखालचा खण उघडून साडूचाच टेस्टर घ्यावा लागला. टेस्टर पेचकसासारखाच दिसतो, स्क्रूही फिरवतो, फक्त त्याच्या मुठीत एक बारीक दिवा असतो. तार जिवंत असली की तो दिवा लागतो. चष्मेवाल्यानं त्या दिवशी त्याचा पेचकस तेवढा केला.

व्हरांड्यातला मेन मात्र त्यानं आठवणीनं बंद केला होता. बोर्डाची झाकणी काढली. आत चार तारा, सगळ्या जुन्या, इतक्या काळवंडलेल्या की मूळचा रंग कुणाचा काय हे कळायला मार्ग नव्हता. दोन बटणात गेलेल्या, दोन एकमेकींना पिळून टेप गुंडाळलेल्या. सासूबाई चष्मा सावरत मागं उभ्या होत्या.

"तो काढायच्या आधी तारांना दोरा बांधतो," त्या म्हणाल्या. "कुठली कुठं होती ते कळायला. आणू का दोरा?"

बांधायला हवा होता. चष्मेवाला स्वतःच्या कामात डावं भिंग उजव्याशी मिसळू नये म्हणून खूण केल्याशिवाय कधी पुढं जात नसे. त्या दिवशी सासूबाईंनी नुसतं 'दोरा आणू का' विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता. पण 'तो' बांधतो, म्हणजे ह्यानं बांधायचा नाही.

"लागत नाही," तो म्हणाला.

जळकं बटण आतल्या आत चिकटलं होतं. त्यानं जोर लावून ओढलं. बटण आलं ते तारांसकट आलं, आणि झटक्यानं शेजारचा टेपचा जोडही सुटला. चारही तारांची टोकं मोकळी झाली, चारही सारख्याच काळ्या. त्याला घाम फुटला. पण मागं सासूबाई उभ्या होत्या, तेव्हा त्यानं चेहरा तसाच ठेवला आणि विचार केला. दोन तारा खालच्या पाइपातून येतात, म्हणजे त्या मेनकडून येणाऱ्या. दोन वरच्या पाइपात जातात, म्हणजे त्या दिव्याकडं जाणाऱ्या. खालची एक आणि वरची एक एकमेकींना जोडायच्या, उरलेल्या दोघी बटणात घालायच्या. त्यानं तसं केलं, टेप गुंडाळली, झाकणी बसवली, मेन चालू केला आणि बटण दाबलं. टक्. दिवा लागला. परत टक्. दिवा गेला.

विचार बरोबर होता, पण अर्धाच. मेनकडून येणाऱ्या त्या दोन तारांतली एक जिवंत असते, तिला फेज म्हणतात. दुसरी परतीची, न्यूट्रल. बटण फेजवर असावं लागतं, म्हणजे ते बंद केलं की दिव्यापर्यंत वीज पोचतच नाही. बटण न्यूट्रलवर आलं तरी दिवा लागतो नि विझतो, वरून काही फरक दिसत नाही. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये वीज तशीच बसून राहते. दोहोंतली फेज कुठली हे टेस्टरनं एका क्षणात सांगितलं असतं. चष्मेवाल्यानं टेस्टर पुसून चमच्यांच्या शेजारी ठेवून दिला.

सासूबाईंनी स्वतः दोन-चार वेळा बटण दाबून पाहिलं. म्हणाल्या, छान झालं, आवाज किती गोड आहे. चष्मेवाल्याची छाती फुगली. मग त्या म्हणाल्या, "धाकटा आला की एकदा नजर टाकेल."

"त्याची काही गरज नाही," तो म्हणाला. इतक्या कडक आवाजात तो त्या घरात कधी बोलला नव्हता.

पुढचे काही आठवडे त्यानं राजासारखे घालवले. रोज बायकोला म्हणायचा, आईला फोन लाव, बटण कसं आहे विचार. बायको हसायची, म्हणायची, बटणाला ताप आला होता का, तब्येत विचारायला. दुकानात चष्मा न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा त्यानं सांगितलं की हल्ली घरातली विजेची कामं मी स्वतःच करतो. एका म्हाताऱ्यानं त्याला आपल्याकडच्या पंख्याचं विचारलं तेव्हा मात्र तो विषय बदलून मोकळा झाला.

वायरमन परत आला आणि सासूबाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवणं झाली, दुपार कलली. दोघी बहिणी बाहेरच्या खोलीत बोलत बसल्या होत्या. आतल्या खोलीत अंधारून आलं म्हणून सासूबाईंनी दिवा लावला तर बल्बच गेलेला, त्यांनी बटण परत बंद केलं. झालं, वायरमन लोखंडी स्टूल घेऊन आला. होल्डर लोखंडी कपाटाच्या वरच्या बाजूला भिंतीवर होता. तो अनवाणीच स्टुलावर चढला, डावा हात कपाटाच्या मुठीवर टेकवला आणि बल्ब फिरवला तशी नुसती काच हातात आली. पितळेची टोपी होल्डरमध्येच अडकून राहिली.

चष्मेवाला बटणापाशीच उभा होता. किंबहुना त्यासाठीच तो आत आला होता, साडूनं बटण बघावं आणि काहीतरी बोलावं म्हणून. वायरमननं काच सासूबाईंच्या हातात दिली. मग त्याची नजर स्वयंपाकघराकडं गेली, जिथं खणात टेस्टर होता. कितीही घाई असली तरी तपासल्याशिवाय तो कुठल्या होल्डरला बोट लावायचा नाही. धंद्याची पहिली सवय ती.

चष्मेवाल्यानं ती नजर पकडली.

"बंद आहे बटण," तो म्हणाला. "मी स्वतः बसवलंय."

वायरमननं त्याच्याकडं पाहिलं. थोरला साडू, वयानं मोठा, आधीच आपल्यावर नाराज असतो हे त्याला न कळण्याइतका तो बावळट नव्हता. आता टेस्टर मागवणं म्हणजे सासूबाईंच्या समोर ह्याच्या कामाचा अपमान. तो म्हणाला, "मग काय, प्रश्नच नाही दादा." आणि टोपी फिरवायला त्यानं दोन बोटं आत घातली.

आवाज असा काही झालाच नाही. वायरमनचं अंग एकदम ताठ झालं, तोंड अर्धवट उघडं राहिलं, बोटं होल्डरला आणि दुसरा हात कपाटाला चिकटल्यासारखा. सासूबाईंच्या हातातली काच खाली पडून फुटली. चष्मेवाला जागच्या जागी थिजला होता.

"अरे, मेन बंद कर! पळ!" सासूबाई त्याच्याकडं बघून ओरडल्या.

तो पळाला. व्हरांड्यात जाऊन मेन खाली ओढला. आतून स्टूल कलंडल्याचा आणि माणूस पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ मेहुणीची किंकाळी. तो परत आला तेव्हा वायरमन जमिनीवर वाकडा पडला होता, उजवा खांदा अंगाखाली, चेहरा राखेसारखा, पण श्वास चालू होता. डोळे उघडून त्यानं सगळ्यांकडं पाहिलं, मग वर होल्डरकडं, मग बटणाकडं. सगळ्यात शेवटी चष्मेवाल्याकडं. त्या नजरेत त्याला सगळं कळलेलं होतं. चष्मेवाल्याला मात्र काहीच कळलं नव्हतं, आणि तरीही आपलंच काहीतरी चुकलंय हे पायापासून डोक्यापर्यंत जाणवलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाला काही झालेलं नाही, नशीब. खांद्याचं हाड मात्र मोडलंय. बाहेर बाकावर सगळे बसले होते. मेहुणीनं रडत विचारलं, पण बटण तर बंद होतं ना? वायरमन गळ्यात झोळी अडकवून तेव्हाच बाहेर येत होता. चष्मेवाल्याचे कान तापले.

"होल्डर जुना होता," वायरमन म्हणाला. "आत तडा गेलेला. कुठून तरी वीज उतरली असणार. अशा जुन्या घरात होतं असं."

विषय तिथं संपला. उलट झालं ते वेगळंच. सासूबाईंनी बाकावरून उठून चष्मेवाल्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून वाचला हो पोरगा. मेहुणीनं हात जोडले. पुढं महिनाभर जो भेटेल तो हेच सांगायचा, थोरल्या जावयानं मेन ओढला म्हणून. इतकी वर्षं ज्या कौतुकासाठी तो तिष्ठत होता ते सगळं एकदम त्याच्या ताटात आलं, आणि घास गिळता येईना. बटणात काय चुकलं हे त्यानं विजेच्या सामानाच्या दुकानदाराला आडून आडून विचारलं. दुकानदारानं फेज आणि न्यूट्रल समजावून सांगितलं, तेव्हा तो तिथल्याच पायरीवर खाली बसला.

त्याला झोपेतून दचकून जाग यायची. लाज होती, भीती होती, पण खरं सांगायचं तर त्या सगळ्याच्या तळाशी जुनंच दुखणं अजून जिवंत होतं. साडूनं त्याला पाठीशी घातलं होतं. मोडक्या खांद्यानं, वेदनेनं घाम फुटलेला असताना, एका वाक्यात. म्हणजे मनाच्या मोठेपणातसुद्धा तोच पुढं. आता ह्या माणसाला नावं ठेवायची सोय उरली नव्हती, ह्याचाही चष्मेवाल्याला राग येत होता.

शेवटी एका संध्याकाळी दुकान सुटल्यावर तो साडूच्या घरी गेला. वायरमन खिडकीत बसून डाव्या हातानं शर्टाचं बटण लावायच्या खटपटीत होता. मेहुणी बाजारात गेली होती. चष्मेवाला उभ्या उभ्याच म्हणाला की बटण मी न्यूट्रलवर घातलं, दोरा बांधला नाही, टेस्टर लावला नाही. मग विचारलं, "तुम्हाला कळलं होतं. मग खोटं का बोललात?"

वायरमननं आधी दाराकडं नजर टाकली, बायको आली नाही ना. मग म्हणाला, "तुमच्यासाठी नाही बोललो, दादा. गैरसमज नको. वायरमन असून न तपासता होल्डरमध्ये बोटं घातली, हे बाहेर कळलं तर मला कामाला कोण बोलवेल? माझं मीच झाकलं. तुमचं आपोआप झाकलं गेलं."

चष्मेवाल्याला हे ऐकून, नवल वाटेल, पण बरं वाटलं. साडू देवमाणूस निघाला नव्हता.

"आणि राग नाही आला?"

"आला की. अजून आहे. खांदा दुखला की येतो." त्यानं बटणाचा नाद सोडून दिला. "पण तुम्ही माझ्यावर इतके का चिडून असता हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या घरात मला कोण बस म्हणतं? पायातले बूट काढायच्या आत सांगतात, अरे नळ बघ, अरे घंटी बघ. तुम्ही तिथं गेलात की खुर्ची रिकामी होते, पंखा वळतो. माझ्या बायकोला मी सांगत असतो, तुझ्या आईला जावई एकच, मी फुकटचा कारागीर."

 चष्मेवाला पुढं झाला आणि त्यानं साडूच्या शर्टाची बटणं लावून दिली, वरून खालपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून सासूबाईंकडं गेले. कारण असं सांगितलं की होल्डर बदलायचा आहे. वायरमन पलंगाच्या कडेला बसून सांगत होता आणि चष्मेवाला करत होता. झाकणी काढल्यावर आधी चारही तारांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले. मग तारा मोकळ्या करून, टोकं एकमेकींपासून लांब वळवून, मेन चालू केला. वायरमन म्हणाला, "आता टेस्टर लावा. बोट मागच्या टोपीवर ठेवा, पुढं नाही." पहिल्या तारेला मुठीतला दिवा लागला नाही. दुसरीला नारिंगी ठिणगीसारखा लागला. चष्मेवाल्यानं ती तार बराच वेळ पाहिली. ह्याच तारेला त्यानं न तपासता टेप गुंडाळून थेट दिव्याकडं पाठवलं होतं.

मेन बंद करून फेज बटणात घातली, न्यूट्रल दिव्याच्या दुसऱ्या तारेला जोडली, नवा होल्डर बसवला. मेन चालू केल्यावर, बटण बंद ठेवून, होल्डरमध्ये परत टेस्टर लावला. काही लागलं नाही. वायरमन म्हणाला, अजून एकदा लावा. त्यानं अजून एकदा लावला.

सासूबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा चष्मेवाल्यानं त्यांना खरं ते सांगून टाकलं. वायरमननं कपाळाला हात लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी दोरा आणू का विचारलं होतं तुम्हाला." एवढंच बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. त्या घाईच्या क्षणी तोंडून निघालेलं 'अरे' पुन्हा काही निघालं नाही. तो त्यांच्यासाठी 'तुम्ही'च राहिला, आणि काही महिने तर तेही जरा तुटकच.

खरी शिक्षा बायकोनं केली. रात्रीच्या जेवणाला त्यानं तिला सांगितलं, तेव्हा तिनं ताट बाजूला सारलं. "माझ्या बहिणीचा संसार गेला असता," ती म्हणाली, "तुमच्या हेव्यापायी." हेवा हा शब्द आजवर घरात कुणी उच्चारला नव्हता. ती कित्येक दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली. त्यानं समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. ती म्हणत होती ते खरं होतं.

वायरमनचं हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर पुरता जाईना. छताजवळची कामं त्याला अवघड झाली. तेव्हा चष्मेवाला सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर जाऊ लागला. कुणी सांगितलं नव्हतं. स्टुलावर तो चढायचा, खालून साडू सांगायचा. बारीक जोड, अरुंद खाचा, जुनाट बोर्डातले गंजलेले स्क्रू, अशी कामं त्याच्या हाताला चांगली बसली. एकमेकांशी ते फार बोलत नसत. कधी वायरमनचं ते गडगडाटी हसणं चष्मेवाल्याला अजूनही खटकायचं, आणि गिऱ्हाइकाच्या घरातली माणसं वायरमनशीच बोलायची, ह्याला नुसतं पाणी विचारायची, तेही खटकायचं.

एकदा एका घरी वरच्या मजल्यावरचं बटण बदलून झाल्यावर घरच्या बाईंनी वायरमनला विचारलं, हे तुमच्याकडं कामाला आहेत का? वायरमन म्हणाला, "नाही हो, माझे साडू आहेत. असला हात मी आख्ख्या धंद्यात पाहिला नाही."

चष्मेवाला स्टुलावरच होता. त्याचे कान लाल झाले, ऐकून गोड वाटलं. आणि लगेच, स्क्रूचा शेवटचा पीळ आवळता आवळता, त्याला चीड आली, की गोड वाटावं असं बोलायलासुद्धा ह्याच माणसाला जमावं.